हा बार फुसका नाही

एका आवाजाची गोष्ट सांगतो.

आमच्या कॉलेजच्या एकांकिकेत एक राजा होता. राजा आपला नावाला, आम्हाला 'भाष्य' करायचं होतं. (एकोणिसाव्या वर्षी सगळ्यांनाच करायचं असतं.) हा राजा सिंहासनावर बसून प्रजेला अडीच मिनिटं शिस्त, संस्कार आणि परंपरेवर प्रवचन देतो आणि ऐन 'परंपरा' या शब्दावर त्याच्याकडून एक लांबलचक, वळणं घेत जाणारा आवाज होतो. हो, तोच आवाज. मग तीन सेकंदांचा पॉज. मग प्रधान म्हणतो, 'महाराजांचा विजय असो!'

साउंडला मी होतो. एक लॅपटॉप, एक स्पेसबार आणि घामेजलेलं बोट. नेटवरून डझनभर आवाज डाउनलोड करून झाले होते, पण सगळे कार्टूनमधले वाटायचे. शेवटी आमच्यातल्याच एका मैत्रिणीनं तिच्या हॉस्टेलच्या खोलीत, कोपराच्या घडीत तोंड खुपसून तो आवाज काढला आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकला. एकूण सात टेक. सातवा ऐकताना मी कॅन्टीनमध्ये होतो आणि तोंडातला चहा नाकातून बाहेर आला. सातवा फायनल झाला.

पहिल्या फेरीत मी स्पेसबार दाबला आणि थिएटर कोसळलं. तीन सेकंदांचा पॉज वीस सेकंदांचा झाला. प्रधान तीनदा तोंड उघडून मिटला. तीन महिन्यांच्या तालमीत आम्ही घासूनपुसून लिहिलेल्या एकाही वाक्याला इतका रिस्पॉन्स आला नव्हता. लेखकाला थोडं लागलं ते.

दुसऱ्या फेरीच्या आदल्या दिवशी राजाला कावीळ निघाली. सगळं स्क्रिप्ट पाठ असलेली एकच व्यक्ती होती, आवाजवाली मैत्रीण. राजाची राणी केली, बाकी शब्दही बदलला नाही. तेच सिंहासन, तेच प्रवचन, तीच 'परंपरा'. मी स्पेसबार दाबला.

शांतता. मग कुठून तरी एक 'शीऽऽ'. मागच्या रांगेतून एक शिट्टी. प्रधानानं घाईघाईत विजय असो म्हणून टाकलं. प्रयोगानंतर एका परीक्षकांनी तिला बाजूला घेऊन, अगदी मायेनं सांगितलं, 'काम छान करतेस बाळा, पण मुलीला हे शोभत नाही.' पुढचं वर्षभर कॉलेजमधली पोरं तिला एका टोपणनावानं हाक मारत होती. ते इथे छापत नाही, तुम्ही ओळखलंच असेल.

आवाज तोच होता. फाइल तीच, व्हॉल्यूम तोच. मग बदललं काय? तेव्हापासून हा प्रश्न डोक्यात आहे आणि त्या नादात मी टॉयलेट ह्युमरचा बराच इतिहास चिवडलाय. नाकाला रुमाल लावायचा असेल तर आत्ताच लावा.

जगातला पहिला जोक

२००८ मध्ये ब्रिटनमधल्या वुल्व्हरहॅम्प्टन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी जगातल्या सगळ्यात जुन्या विनोदांची यादी काढली. पहिला नंबर कुणाचा असावा? इसवी सन पूर्व १९०० च्या आसपासच्या, आजच्या दक्षिण इराकमधल्या सुमेरियन लोकांच्या एका वचनाचा. त्याचा मथितार्थ असा, की जगात आजवर कधीच न घडलेली गोष्ट म्हणजे तरुण बायको नवऱ्याच्या मांडीवर बसली आणि पादली नाही.

(तो शब्द मी पहिल्यांदाच आणि सरळ लिहून टाकलाय. 'वात सरणे' लिहिलं असतं तर जोक मेला असता.)

चार हजार वर्षांपूर्वीचा पहिला जोक पादण्यावर आहे, याचं आश्चर्य वाटायचं कारण नाही. मला गंमत वाटली ती वेगळीच. त्या जोकमधली व्यक्ती बाई आहे आणि तिचं पादणं हे 'नेहमीचंच' आहे. म्हणजे सुमेरियन माणसाला जे माहीत होतं, ते आमच्या परीक्षकांना माहीत नव्हतं.

पुढे ग्रीकांकडे आलो तर इसवी सन पूर्व ४०५ मध्ये अ‍ॅरिस्टोफेनिसचं 'फ्रॉग्ज' हे नाटक सुरू होतं तेच मुळी या वादानं. ओझ्यानं वाकलेला नोकर मालकाला विचारतो, प्रेक्षक नेहमी हसतात ते जोक मारू का? मालक म्हणजे साक्षात नाटकाचा देव डायोनायसस. तो म्हणतो, मार, पण ते 'लागलीय' वाले नको, त्यांचा कंटाळा आलाय. म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वीच लोक या विनोदाला 'घिसापिटा' म्हणत होते. आणि तो न मारण्याच्या निमित्तानं अ‍ॅरिस्टोफेनिसनं तो मारूनही घेतला.

बाराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये रोलंड नावाच्या एका माणसाकडे सफोक परगण्यात हेमिंगस्टोन इथे जमीन आणि वाडा होता. मोबदला काय? दर नाताळात राजापुढे एक उडी, एक शिट्टी आणि एक पाद. इनामदारी कशाकशाची असते बघा.

लाल कोट, पांढरे हातमोजे

पण या क्षेत्रातला सुपरस्टार एकच, जोसेफ प्युजोल. जन्म १८५७, गाव मार्सेय, धंदा बेकरीचा. लहानपणी समुद्रात डुबकी मारताना त्याच्या लक्षात आलं, की आपल्या शरीरात मागच्या बाजूनं पाणी शिरतंय. घाबरला. नंतर कळलं की हे आपल्याला हवं तेव्हा करता येतं. पाण्याऐवजी हवाही आत ओढता येते आणि हवी तशी सोडता येते. म्हणजे तो जे करायचा तो पोटातला गॅस नव्हताच. वास नाही, काही नाही. निव्वळ हवा आणि स्नायूंवरचा ताबा. बासरीवाला श्वासावर मिळवतो तसा.

सैन्यात असताना मित्रांना करून दाखवता दाखवता तो १८९२ मध्ये पॅरिसच्या मूलाँ रूजच्या स्टेजवर पोचला. नाव घेतलं 'ल पेतोमान', मराठीत सभ्यपणे सांगायचं तर 'पादवेडा'. आणि कपडे? लाल कोट, गुडघ्यापर्यंतची काळी सॅटिनची विजार, पांढरा बो टाय, हातात पांढरे हातमोजे. एखाद्या राजदूताचा थाट. विनोद तिथेच अर्धा झाला. फाटक्या बनियनवर हाच प्रोग्रॅम केला असता तर लोकांनी टोमॅटो मारले असते.

तो अगदी गंभीर चेहऱ्यानं ओळख करून द्यायचा आणि मग एकेक नमुना पेश करायचा. कापड फाटल्याचा आवाज, तोफेचा आवाज. रबराची नळी लावून छोटं वाद्य वाजवायचा, मेणबत्ती विझवायचा. हसून हसून बायका बेशुद्ध पडायच्या, त्यातला अर्धा वाटा त्या काळच्या घट्ट कॉर्सेटचा होता म्हणतात. त्याचा एका रविवारचा गल्ला वीस हजार फ्रँक आणि त्या काळची सगळ्यात मोठी अभिनेत्री सारा बर्नार्ड हिचा आठ हजार, अशी आकडेवारी सांगितली जाते.

आता इथे जरा थांबूया. त्याच्या हिट आयटममध्ये एक मालिका होती. लग्नाच्या पहिल्या रात्रीची नववधू, म्हणजे अगदी नाजूक, लाजरा, जेमतेम ऐकू येणारा आवाज. मग दुसऱ्या दिवशी सकाळची तीच नववधू, म्हणजे दणका. मग सासूबाई. पॅरिस लोळायचं. बाईचं पादणं स्टेजवर चालत होतं, फक्त ते पुरुषानं करून दाखवायला हवं होतं.

प्युजोल पुढे मालकांशी भांडून बाहेर पडला. त्याच्या जागी मूलाँ रूजनं एक बाई आणली, 'पादवेडी'. तिचा स्कर्ट मोठा घेरदार होता आणि त्याच्या आत होता लोहाराचा असतो तसला छोटा भाता. बिंग फुटलं. म्हणजे बाईला हे करायचं तर आवाजही उसनाच. माझ्या लॅपटॉपसारखा.

पहिल्या महायुद्धानंतर प्युजोलनं स्टेज सोडलं आणि तो परत पाव-बिस्किटांकडे वळला. १९४५ मध्ये गेला. एडिसनच्या कंपनीनं १९०० मध्ये त्याचा एक छोटा सिनेमा काढला होता. सिनेमा मूक आहे. याहून मोठा जोक नाही.

आवाज बंद करा!

टॉयलेट ह्युमरवर हसणाऱ्यांइतकाच मोठा इतिहास त्याचा आवाज दाबणाऱ्यांचा आहे. मोत्झार्टचंच घ्या. १७८२ च्या सुमारास त्यानं सहा आवाजांसाठी एक गाणं रचलं. एक जण सुरू करतो, मग दुसरा तीच ओळ उचलतो, मग तिसरा, अशी ती रचना. मित्रांच्या मैफलीत म्हणायचं गाणं. शीर्षकाचा अर्थ इथे देत नाही, पण कॉलेजात भांडणात एकमेकांना जिथे चाटायला सांगतात तिथलाच मामला आहे. तो गेल्यावर प्रकाशकांनी शब्द बदलून 'चला, आनंदी राहू या' छापाचं काहीतरी घातलं आणि गाणं सोज्वळ झालं. त्यानं आपल्या चुलत बहिणीला लिहिलेली पत्रंसुद्धा अशाच मजकुरानं भरलेली आहेत. पोरगं वाया गेलं होतं म्हणावं, तर त्याची आईसुद्धा नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात तसलेच विनोद करताना दिसते. घरची बोलीच ती.

१९७९ मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरला पीटर शॅफरचं 'अमॅडियस' आलं. मार्गारेट थॅचर बघायला आल्या आणि भडकल्या, की इतकं सुंदर संगीत लिहिणारा माणूस असं बोलणं शक्यच नाही. दिग्दर्शक पीटर हॉलनी सांगितलं, की पत्रं आहेत. किस्सा असा, की त्यांनी ती पाठवलीसुद्धा, तरी बाईंचं म्हणणं कायम! पुरावा समोर असताना नाक धरून 'असं नसतंच' म्हणणारी मंडळी आपल्यालाही नवीन नाहीत.

रेकॉर्डिंगचं तंत्र आलं तसा हा विनोद तबकडीवरही गेला, पण दुकानात नाही. १९४० च्या दशकात कॅनडातल्या रेडिओच्या मंडळींनी आपसात गंमत म्हणून एक रेकॉर्ड केली, 'क्रेपिटेशन कॉन्टेस्ट'. म्हणजे पादण्याच्या विश्वचषकाचं धावतं वर्णन. भारदस्त आवाजाचा समालोचक, एक इंग्लिश लॉर्ड, त्याला आव्हान देणारा गडी, श्वास रोखून बसलेले प्रेक्षक. ती हातोहात कॉपी होत घरगुती पार्ट्यांमध्ये फिरली. व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्ड, फक्त ग्रामोफोनवर.

अमेरिकन टीव्हीवर तर शब्दही चालत नव्हता. फेब्रुवारी १९६० मध्ये जॅक पार या टॉक शोवाल्यानं एक जोक सांगितला. स्वित्झर्लंडला जाणारी इंग्लिश बाई पत्रानं विचारते, घराजवळ डब्ल्यू. सी. आहे का? समोरच्यांना वाटतं, ही छोट्या चर्चबद्दल विचारतेय. ते उत्तर देतात, आहे ना, काही मैलांवर झाडीत आहे, आठवड्यातून दोनच दिवस उघडतं, लोक डबे घेऊन येतात, जागा मिळवायला लवकर या. एवढंच. चॅनेलनं न विचारता तो भाग कापला आणि पार दुसऱ्या दिवशी शो चालू असताना सगळ्यांसमोर उठून निघून गेला. महिनाभरानं परत आला. त्याच वर्षी हिचकॉकच्या 'सायको'त कमोड दिसला आणि फ्लशही झाला. अमेरिकन सिनेमात याआधी हे दिसत नसे. म्हणजे १९६० पर्यंत हॉलिवूडमध्ये लोक खून करत होते, पण कुणाला 'जायचं' नव्हतं.

मग १९७४. मेल ब्रुक्सचा 'ब्लेझिंग सॅडल्स'. त्याचा मुद्दा साधा होता. वेस्टर्न सिनेमातले काउबॉय शेकोटीभोवती बसून वर्षानुवर्षं काळी कॉफी आणि घेवड्याच्या बिया खातायत, मग पुढे काय होतं ते कुणीच का दाखवत नाही? त्यानं दाखवलं. ब्रुक्स सांगतो, की स्टुडिओच्या साहेबांनी काय काय कापायचं याची यादी दिली, त्यानं मान डोलावून ती लिहून घेतली आणि ते गेल्यावर कागद कचरापेटीत टाकला. टीव्हीवर दाखवताना मात्र आवाज काढून टाकले. काउबॉय नुसतेच जागच्या जागी उठबस करतायत. २००६ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं हा सिनेमा राष्ट्रीय ठेवा म्हणून जतनाच्या यादीत घेतला. आणि त्यातल्या गव्हर्नरचं आडनाव ठाऊक आहे? लपेतोमान. गुरूला मानवंदना.

आजचा वारसदार म्हणाल तर मॅट फार्ली. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सचा हा गृहस्थ घरी बसून गाणी रेकॉर्ड करतो, आजवर वीस हजारांहून जास्त. त्यातली सगळ्यात जास्त चालणारी आहेत शी-शूची. कारण काय, तर घराघरात स्मार्ट स्पीकर आलेत आणि चार वर्षांची पोरं त्याच्यासमोर उभी राहून 'शीचं गाणं लाव' असं ओरडतात. स्पीकर इमानदारीनं शोधतो आणि फार्ली सापडतो. एका ऐकण्याला पैशातला पैसा मिळतो, पण २०२३ मध्ये सगळ्या गाण्यांची मिळून कमाई दोन लाख डॉलरच्या जवळ पोचली. तुमच्या प्लेसमेंट पॅकेजशी तुलना करू नका, त्रास होईल.

पावटा आपला, सिनेमाही आपला

हे सगळं 'फॉरेनचं' आहे असं म्हणायची सोय आपल्याला नाही. 'पादऱ्याला पावट्याचं निमित्त' ही म्हण मेल ब्रुक्सच्या कितीतरी आधीची आहे आणि शेकोटीच्या सीनचा पूर्ण स्क्रीनप्ले तीन शब्दांत सांगते. 'पादा पण नांदा' हा तर संसाराचा मंत्रच आहे. माझी आजी दोन्ही म्हणी सोवळ्यात असतानाही म्हणायची. आणि तीच आजी मला मात्र 'संडासला जातो म्हणू नये, परसाकडे जातो म्हणावं' असं शिकवायची. वास्तविक आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायचो, परसू कुठलं!

ही भाषेची पळापळ बघण्यासारखी आहे. परसाकडे, बहिर्दिशेला, शाळेत करंगळी, मग संडास, लॅट्रिन, टॉयलेट, बाथरूम आणि आता वॉशरूम. प्रत्येक शब्दाला थोड्या दिवसांनी वास येतो आणि आपण नव्या शब्दाकडे पळतो. जागा तीच राहते.

सिनेमात म्हणाल तर आपल्या पिढीनं टॉयलेट ह्युमर कॉलेजच्याच सिनेमातून शिकला. '३ इडियट्स' (२००९) मधला चतुर उर्फ सायलेन्सर. आपला ओमी वैद्य! त्याच्या भाषणाच्या शेवटी संस्कृतचा आव आणणारा एक श्लोक येतो, ज्यात या आवाजांची उत्तम, मध्यम, कनिष्ठ अशी रीतसर प्रतवारी आहे आणि न वाजणारा प्राणघातक ठरवलाय. पाठांतर करून वर गेलेला मुलगा, समोर प्राचार्य, व्यासपीठ, देववाणीचा थाट. प्युजोलचा लाल कोटच हा, फक्त भाषेचा.

दोन वर्षांनी 'डेली बेली' आला. दिग्दर्शक अभिनय देव, म्हणजे रमेश आणि सीमा देव यांचा मुलगा. या सिनेमाची अख्खी गोष्टच एका अदलाबदलीवर उभी आहे. डॉक्टरकडे जायची शौचाच्या नमुन्याची बाटली पोचते गुंडाकडे आणि गुंडाचे हिरे पोचतात डॉक्टरकडे. पोट बिघडलेला नितीन, नळाला पाणी नाही, भाड्याची खोली, तीन पोरं. बाहेरगावी शिकायला जाऊन रूमवर राहिलेल्या कुणालाही तो सिनेमा डॉक्युमेंटरी वाटेल. 'ए' सर्टिफिकेट घेऊन आला आणि घरी न सांगता बघितला गेला.

दोन्ही सिनेमे मला आवडतात. पण नीट बघा, पादणारे, धावणारे, पोट धरून बसणारे सगळे मुलगे. मुली असतात त्या नाक मुरडायला.

तिनं केलं तर?

२०११ मध्येच हॉलिवूडमध्ये 'ब्राइड्समेड्स' आला. क्रिस्टन विग आणि अ‍ॅनी मुमोलो या दोघींनी लिहिलेला. लग्नाचे महागडे ड्रेस ट्राय करायला गेलेल्या मैत्रिणींना दुपारचं जेवण बाधतं. पांढराशुभ्र गाउन घातलेली नवरी रस्ता ओलांडताना मध्येच बसते आणि आपल्याला कळतं की आता उशीर झालाय. हा सीन मूळ लेखनात नव्हता, तो निर्माता-दिग्दर्शकांच्या आग्रहानं आला. लोक खूप हसले आणि वादही झाला, की बायकांनी पुरुषांसारखा घाण विनोद करणं म्हणजे बरोबरी का? ऑस्करला पटकथेचं नामांकन मिळालं. मला विचाराल तर सीन हसवतो तो घाणीमुळे नाही. लग्नाचा तो पांढरा ड्रेस आणि 'आज मी परफेक्ट दिसणार' हे प्रेशर एका मिनिटात जमिनीवर बसतं, म्हणून हसवतो.

विज्ञानाचं म्हणाल तर तेही ऐका. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या मायकेल लेविट आणि सहकाऱ्यांनी सोळा निरोगी स्त्री-पुरुषांना राजम्यासारख्या बिया खायला घालून त्यांचे वायू गोळा केले. वास घेऊन मार्क द्यायला दोन परीक्षक नेमले. (आमच्या परीक्षकांपेक्षा यांचं काम अवघड होतं.) निकाल असा, की आकारमानात पुरुष पुढे, पण वासाच्या तीव्रतेत बायका. तेव्हा 'मुलीला शोभत नाही' हे आतड्यांना कुणीतरी कळवायला हवं होतं.

आपल्याकडे हा बदल आला तो 'पिकू'तून (२०१५). वरवर बघता बद्धकोष्ठाचा सिनेमा. अमिताभच्या पोटाची रोजची बातमीपत्रं. पण जुही चतुर्वेदीनं तो लिहिलाय लेकीच्या बाजूनं. ऑफिसच्या मीटिंगमध्ये वडिलांच्या शौचाचा रंग कळवणारा निरोप येतो तेव्हा आपण हसतो पिकूच्या चेहऱ्याकडे बघून. तिला लाज वाटायची केव्हाच थांबलीय, ती फक्त दमलीय. घरात म्हातारं माणूस असलेल्या कुठल्याही मुलीला हे समजावून सांगावं लागत नाही.

पीटर मॅग्रॉ आणि कॅलेब वॉरन या दोन अभ्यासकांनी २०१० मध्ये विनोदाची एक थिअरी मांडली. हसू फुटायला दोन गोष्टी एकाच वेळी लागतात. काहीतरी नियम मोडला गेला पाहिजे आणि तरी 'काही बिघडलं नाही' असंही वाटलं पाहिजे. गुदगुल्यांसारखं. नियम मोडला नाही तर बोअर होतं, खरंच बिघडलं तर भीती वाटते किंवा किळस येते. हे वाचलं आणि आमचा दुसरा प्रयोग डोळ्यांसमोर आला. राजानं आवाज केला तेव्हा राजाचं काही बिघडणार नाही हे थिएटरमधल्या प्रत्येकाला माहीत होतं. ती उद्याही राणी राहणार आहे, याची मात्र कुणालाच खात्री नव्हती. आणि ती राहिलीही नाही. टोपणनाव मिळालं.

आणखी एक सांगायचं तर स्पर्धेच्या दिवशी आमच्यातल्या मुली सकाळपासून पाणीच प्यायच्या नाहीत. ग्रीन रूमच्या मागच्या बाथरूमला कडी नव्हती. हे मला कळलं कॉलेज संपल्यावर. मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी' ही मोहीम याच गोष्टीसाठी चालू आहे. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांकडून पैसे, हा हिशेब त्यांनी चव्हाट्यावर मांडला. आम्ही पोरं तेव्हा विंगेत टॉयलेट ह्युमर करत होतो, आणि त्यातल्या टॉयलेटचा पत्ता फक्त आम्हालाच होता.

खाली कोण उतरतं?

ज्यांचं 'बिघडतं' असे आणखीही लोक आहेत. हागणदारीमुक्तीच्या काळात गावागावांत 'गुड मॉर्निंग पथकं' फिरायची. पहाटे टमरेल घेऊन निघालेल्यांना अडवायचं, शिट्ट्या वाजवायच्या, हातात गुलाबाचं फूल द्यायचं. त्या बातम्या आपण हसत वाचल्या. हगणाऱ्यानं लाजायचं की बघणाऱ्यानं, या अर्थाची म्हण आपल्याकडे आहे. ती त्या बातम्या वाचताना कुणाला आठवली नसावी. घरी संडास नसलेल्या बाईच्या हातात गुलाब द्यायचा, हा जोक नेमका कुणावर होता?

चैतन्य ताम्हाणेच्या 'कोर्ट'मध्ये (२०१४) एका शाहिरावर खटला चालतो. तुझं गाणं ऐकून एका सफाई कामगारानं गटारात जीव दिला, असा आरोप. कोर्टात त्या कामगाराची बायको साक्ष देते. तिचा नवरा मॅनहोलमध्ये उतरण्याआधी आत खडा टाकायचा. झुरळ वर आलं तर आत हवा आहे असं समजायचं. वास सहन व्हावा म्हणून दारू प्यायचा. हे सगळं ती एकसुरी आवाजात, अगदी साधं सांगते. हाताने मैला साफ करून घ्यायला कायद्यानं बंदी आहे, पहिला कायदा १९९३ चा, दुसरा २०१३ चा. ती साक्ष ऐकल्यापासून मला गटारात पडणाऱ्या व्हिलनवर पूर्वीसारखं हसता येत नाही. पादण्यावर येतं. ते कुणाला साफ करावं लागत नाही.

यावर एक मित्र म्हणाला, की अरे, एवढा विचार केला तर हसायचं कधी? मुद्दा बरोबर आहे. मी हसतोच की. परवाच एका गंभीर ऑनलाइन मीटिंगमध्ये कुणाचा तरी माइक चालू राहिला होता, आणि मला कॅमेरा बंद करावा लागला.

त्या मैत्रिणीनं कॉलेजनंतर नाटक सोडलं. आधीचा राजा मात्र बरा होऊन परत आला, त्या वर्षी अभिनयाचं बक्षीस घेऊन गेला आणि भाषणात 'त्या आवाजा'चे आभार मानले. आवाज कुणाचा ते सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. खरं तर तेव्हा स्टेजवर जाऊन सांगायला हवं होतं. साउंडवाल्याला कुणी स्टेजवर बोलावत नाही, हे कारण मी बरीच वर्षं स्वतःला देत होतो.

गेल्या महिन्यात तिचा मेसेज आला. ती ओपन माइक करायला लागलीय. पाच मिनिटांचा स्लॉट आहे, राणी, परीक्षक, टोपणनाव, सगळं त्यात घेतलंय. 'तुझ्याकडे ती फाइल आहे का रे अजून? सातवा टेक?'

जुन्या हार्ड डिस्कमध्ये होती. पाठवली. तिनं लगेच ऐकली असावी, कारण दोन मिनिटांनी उत्तर आलं, 'श्या, तेव्हा किती घाबरून काढला होता. परत रेकॉर्ड करते.'